सोलापुरात राहायला आलात? भाड्याच्या आधी पाण्याचा दिवस विचारा

बदली होऊन, शिकायला किंवा लग्न करून सोलापुरात येणारा माणूस घर बघताना भाडं विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो, वरचा मजला मे महिन्यात किती तापतो तेही विचारतो. पाण्याचं मात्र "येतं की" एवढ्या उत्तरावर भागवतो. पाणी येतं सगळीकडेच. ते किती दिवसांआड येतं, किती वेळ टिकतं आणि आल्यावर ठेवायला घरात जागा किती आहे, हे तीन प्रश्न राहून जातात आणि पहिल्याच आठवड्यात टँकरवाल्याचा नंबर शोधायची पाळी येते.

पाणी वाचवा म्हटलं की दात घासताना नळ बंद ठेवा, असं शाळेपासून ऐकत आलो आहोत. इथे महापालिकेचा नळ आठवड्यातले बरेच दिवस आपोआपच बंद असतो. सोलापुरात पाणी वाचतं किंवा वाया जातं ते साठवणीत: हौदात, टाकीत, पिंपात. म्हणून हा लेख नळापेक्षा हौदाबद्दल जास्त आहे.

आधी पाणी कुठून येतं ते समजून घ्या

शहराला मुख्य पाणी उजनीचं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि शहरापासून शंभरावर किलोमीटर लांब आहे. तिथून पाइपलाइनने पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. दुसरी वाट नदीची. धरणातून भीमेत पाणी सोडतात, ते औजच्या बंधाऱ्यात अडवतात आणि टाकळीहून उपसून सोरेगावला शुद्ध करतात. तिसरा स्रोत हिप्परग्याचा एकरुख तलाव, ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकात बांधलेला. तुमच्या नळाला यातलं कुठलं पाणी येतं ते भागावर ठरतं. शेजाऱ्यांना विचारलं की कळतं.

उजनीची एक गोष्ट बाहेरून आलेल्याला चक्रावून टाकते. उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, "उजनी वजा तीस टक्के". धरण वजा कसं होईल? धरणाचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या जरा वर आणि मृत साठा ६३ टीएमसीच्या वर, म्हणजे मृतच जास्त. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्यावर येतो आणि पुढचं मोजमाप वजामध्ये चालतं. जून २०२४ मध्ये तो वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. तरी शहराला पाणी मिळत होतं, कारण पिण्याचं पाणी मृत साठ्यातूनही उपसता येतं. पण पातळी खाली गेली की उपसायला दुबार पंपिंग लागतं आणि तिथे वीज गेली की इथलं वेळापत्रक कोलमडतं.

आता उजनीहून १७० एमएलडी, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटर, क्षमतेची समांतर जलवाहिनीही टाकली आहे. त्याने फरक पडतो, पण जलवाहिनी आली म्हणून तुमच्या गल्लीतली जुनी लाइन, उंचावरची टाकी आणि व्हॉल्व्हची पाळी लगेच बदलत नाही. घर बघताना "आता रोज येणार आहे हो" यावर विसंबू नका. आज किती दिवसांआड येतं तेच विचारा.

घर बघताना

घरमालकाला विचारून भागणार नाही, शेजारच्या बाईंना विचारा. पाणी भरायला त्या उठतात, त्यांना वेळ पाठ असते. विचारायचं ते असं: पाणी कितव्या दिवशी येतं, पहाटे की दुपारी, किती वेळ टिकतं, आणि जोर कसा असतो. जुळे सोलापूर, विजापूर रोड किंवा शेळगीसारख्या वाढत्या भागांत लाइनच्या टोकाच्या घरांना जोर कमी मिळतो. तिथे तळमजल्याचा हौद असेल तरच निभावतं.

मग झाकण उघडून हौद स्वतः बघा. भाडेकरू हे करायला लाजतात. टेप असेल तर मोजा: लांबी, रुंदी, खोली फुटांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर मिळतात. पाच बाय चार बाय चार फुटांचा हौद म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर. हौद किती कुटुंबांत मिळून आहे तेही विचारा. तीन भाडेकरूंत एक हौद असेल तर तुमच्या वाट्याला एक तृतीयांश येतो आणि भांडण मात्र पूर्ण येतं.

हौदाचं झाकण घट्ट बसतं का आणि ड्रेनेजचं चेंबर त्याच्या किती जवळ आहे, हे बघायला विसरू नका. चेंबर दोन हातांवर असेल तर मी ते घर घेणार नाही, भाडं कितीही कमी असो.

घराचा हिशोब मांडा

शहरी पाणीपुरवठ्यासाठी सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. चौघांचं कुटुंब आणि पाच दिवसांची पाळी धरली तर २,७०० लिटर झाले. एवढी साठवण बहुतेक भाड्याच्या घरांत नसते. थोडं बेतानं वापरलं तर माणशी ऐंशी-नव्वद लिटरमध्ये काही अडत नाही. पंच्याऐंशी धरा: चौघांना दिवसाला ३४० लिटर, पाच दिवसांना १,७००.

पण पाळी पाचव्या दिवसाची असली तरी हिशोब सात दिवसांचाच करा. कुठे पाइप फुटतो, कुठे वीज जाते आणि पाणी एक-दोन दिवस पुढे ढकललं जातं. सात दिवसांचे २,४०० लिटर होतात. गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि खाली दीड हजारांचा हौद असेल तर चौघांना निवांत झोप लागते. एकट्या विद्यार्थ्याला दोनशे लिटरचं एक बॅरल आणि दोन कळशा एवढ्यावर तीन दिवस निघतात. कपडे मात्र पाण्याच्या दिवशीच धुवायचे.

टाकीवर आतल्या पातळीच्या खुणा करून घ्या. पांढरी टाकी असेल तर पाणी बाहेरूनच दिसतं. काळी असेल तर पारदर्शक नळीचा एक तुकडा बाहेरून उभा जोडून द्या, प्लंबर अर्ध्या तासात करतो. निम्मे दिवस झाले आणि निम्म्याहून जास्त पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी हात आखडायचा, शेवटच्या दिवशी नाही.

पाण्याचा दिवस

चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की नळाला आधी पाणी येत नाही, हवा येते. फुस्स आवाज, मग दोन-चार गचके, मग मातकट धार. गल्लीत कुणीतरी हाक देतं, ती मराठीत असेल, तेलुगूत असेल, कन्नडमध्ये असेल. पंधरवड्यात तुम्हाला तिन्ही भाषांतलं "पाणी आलं" झोपेतसुद्धा कळायला लागेल.

ती पहिली धार हौदात घेऊ नका. चार-पाच दिवस लाइन रिकामी पडलेली असते. रिकाम्या पाइपला जिथे बारीक भेग असेल तिथून आजूबाजूचं पाणी, कधी गटाराचंही, आत झिरपतं आणि पाणी सुटल्यावर सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. ही धार बादल्यांत धरा, संडासला आणि अंगण धुवायला ठेवा. धार स्वच्छ झाली, वास गेला, की मग हौदाचा नळ सोडा. त्यानंतर आधी पिण्याचं भरायचं, मग स्वयंपाकाचं, मग हौद. हौद भरता भरता पाणी गेलं तर निदान पिण्याची चिंता उरत नाही.

नळाला थेट मोटार लावू नका. कायद्याने मनाई आहेच, पण त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मोटार लाइनमधलं पाणी ओढते तेव्हा पाइपात पोकळी तयार होते आणि भेगांतून बाहेरची घाण आत खेचली जाते. ती घाण शेजाऱ्याच्या आधी तुमच्या हौदात येते. मोटार हौदातून गच्चीवर चढवायला लावा, त्याला कुणाची हरकत नाही.

आणि फ्लोट बसवा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी सोय. पाण्याच्या दिवशी सोलापूरच्या कुठल्याही कॉलनीत चक्कर मारा, दर चार-पाच घरांमागे एका गच्चीवरून धार गळताना दिसेल. घरचे लोक मोटार चालू करून कामाला निघून गेलेले असतात. हौदाला आणि गच्चीवरच्या टाकीला एकेक फ्लोट बसवायला फार पैसे लागत नाहीत.

शिळं पाणी

आता ज्या सवयीमुळे या शहरात बरंच पाणी वाया जातं तिच्याकडे येऊ. ताजं पाणी आलं की घरोघरी आधीचं साठवलेलं पाणी ओतून देतात. पिंपं पालथी होतात, कळशा मोरीत रिकाम्या होतात, अंगण चिंब होतं. कारण काय, तर ते "शिळं" झालं. चार दिवस काटकसर करून वाचवलेलं पाणी पाचव्या दिवशी पहाटे गटारात जातं.

झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं, हात न घातलेलं पाणी पाच-सहा दिवसांत भाजीसारखं नासत नाही. त्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो आणि खरा धोका तिथे असतो: भांडं उघडं राहिलं, त्यात ओला तांब्या बुडवला, पोरांनी हात घातला, की जंतू शिरतात. म्हणून पिण्याच्या पिंपाला तोटी बसवा किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. तांब्या बुडवणं बंद झालं की निम्मं काम झालं.

तरी मन मानत नसेल तर जुनं पाणी ओतू नका, त्याला एक पायरी खाली उतरवा. पिण्याचं उरलं तर स्वयंपाकाला किंवा भांड्यांना, भांड्यांचं उरलं तर कपड्यांना किंवा कूलरला, आणि सगळ्यात शेवटी फरशीला, झाडांना, संडासला. सासूबाईंना हे पटवताना जरा दमानं घ्या. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे त्यांना पाण्याचं मोल सांगायची गरज नाही, पण शिळ्या पाण्याबद्दलची त्यांची समजूत तुमच्या आकडेवारीने एका दिवसात जाणार नाही.

हौदातल्या पाण्याची शंका असेल तर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरा. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. ती आधी थोड्या पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी हौदात सोडायची आणि तासभर हौदाला हात लावायचा नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गढुळ्या पाण्यात क्लोरीनचं काम नीट होत नाही. पोरं लहान असतील तर पिण्याचं पाणी उकळा. खळखळ उकळी फुटली पाहिजे, नुसतं कोमट करून उपयोग नाही.

कोरडा दिवस

साठवणीच्या शहरात डेंग्यू साठवणीतूनच येतो. त्याचा डास गटारात नाही, आपण जपून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी आणि कोरडी झाली पाहिजेत.

बॅटरी घेऊन बॅरलच्या आत बघा. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, कडेला, काळ्या ठिपक्यांची बारीक ओळ चिकटलेली दिसली तर ती अंडी आहेत. पाणी ओतून दिलं तरी ती भिंतीलाच राहतात, वाळूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून बॅरल नुसतं पालथं घालून चालत नाही, काथ्याने किंवा ब्रशने घासावं लागतं. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी हे केलं तर ओतायला पाणीही फारसं उरलेलं नसतं. मोठा हौद दर आठवड्याला रिकामा करणं शक्य नाही, त्याचं झाकण आणि व्हेंट पाइपची जाळी नीट ठेवा. आरोग्य खात्याची माणसं अबेट (डासांच्या अळ्या मारणारं औषध) टाकायला आली तर दार उघडा.

कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या लोक विसरतात.

रोजचा वापर

आंघोळ बादली-तांब्यानेच करा. पंधरा-वीस लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो, शॉवरखाली तेवढं पाणी दोन मिनिटांत जातं.

संडासची फ्लश टाकी जुन्या पद्धतीची असेल तर एका वेळी दहा लिटर ओतते. चौघांनी दिवसाला पाच-पाच वेळा ओढली की दोनशे लिटर. वर ३४० लिटरचा हिशोब मांडला आहे, त्यातले दोनशे इथेच गेले. भाड्याच्या घरात टाकी बदलता येत नसेल तर तिचा नळ बंद करा आणि कपड्यांच्या खळबळलेल्या पाण्याची बादली शेजारी ठेवा. सोलापुरात निम्म्या घरांत हेच चालतं आणि यात कमीपणा काही नाही.

कपड्यांसाठी माझं मत सेमी-ऑटोमॅटिक मशीनला. वरून कपडे टाकायचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या वर सहज घेतं आणि त्याला नळाचा दाबही लागतो. सेमीमध्ये पांढऱ्या कपड्यांच्या पाण्यात पुढे रंगीत, मग पायपुसणी, असं एकच पाणी फिरवता येतं. नवी सोलापुरी चादर मात्र पहिल्या दोन धुण्यांत वेगळीच भिजवा, रंग सुटतो. तिला धुवायला आणि पिळायला पाणी आणि माणसं दोन्ही जास्त लागतात, तेव्हा पाण्याच्याच दिवशी.

भांड्यांना दोन टब: एकात साबण, एकात स्वच्छ पाणी. ज्वारीच्या भाकरीची काठवट वाळण्याआधी पुसून घेतली तर निम्मं पाणी लागतं.

कूलरचा विचार फार कमी लोक करतात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, त्रेचाळीस-चव्वेचाळीसही होतो, आणि हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगला चालतो. तो चालतो पाणी हवेत उडवून. रात्रभरात मोठ्या कूलरची टाकी रिकामी होते. म्हणून उन्हाळ्याचा हिशोब वेगळा मांडा आणि कूलर असेल तर रोजचे तीस-चाळीस लिटर जास्तीचे धरा. कूलरला कपडे खळबळलेलं पाणी घालू नका, साबणाने पॅड खराब होतात आणि खोलीला वास येतो.

बोअर, टँकर आणि आरओ

बोअर असलेलं घर मिळालं तर नशीब समजा, पण ते पाणी चाखून बघा. काळ्या कातळातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं: साबणाला फेस येत नाही, नळाला पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल लवकर जाते. पिण्यासाठी नळाचं आणि वापरायला बोअरचं, ही वाटणी इथे जुनी आहे. दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळू नका.

टँकर मागवताना पाणी कुठलं आहे ते विचारा. सांगायला टाळाटाळ केली तर ते वापरापुरतंच घ्या.

आरओ मशीन विकायला दारात येणारा माणूस टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर पाण्यात बुडवून घाबरवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत सूट आहे. तुमच्या नळाचं पाणी ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही, गाळणी आणि यूव्ही पुरतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे परवडत नाही. बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल तर आरओ घ्या, पण त्याची सांडपाण्याची नळी मोरीत सोडू नका, बादलीत सोडा. फरशी पुसायला, गाडी धुवायला, संडासला ते चालतं. झाडांना रोज घालू नका, क्षार मातीत साठतात.

गच्चीवरचं पाणी

हे भाडेकरूच्या हातात नसतं, घर बांधणाऱ्यांनी मात्र वाचावं. जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कमीच आहे. पण हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढ्या पावसाचे पन्नास हजार लिटर होतात. वाफ आणि गळती वजा जाता चाळीस हजार हाती लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर.

सोलापूरचा पाऊस जून-जुलैत हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात एकदम येतो. म्हणून गच्ची आणि पाइप मृगाआधी साफ केले असले तरी पोळ्यानंतर पुन्हा एकदा बघा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. पुढचं पाणी खडी, बारीक खडी आणि वाळू भरलेल्या शोषखड्ड्यातून गाळून मगच बोअरकडे वळवा. पाइप थेट बोअरच्या केसिंगमध्ये सोडणारे मिस्त्री भेटतील, त्यांना करू देऊ नका. एकदा बोअरमध्ये घाण गेली की ती काढणं अवघड. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथे तळं खोदवल्याचं परंपरा सांगते आणि ते तळं आजही मंदिराला वेढून आहे. पडणारं पाणी धरून ठेवायचं काम या गावाला नवं नाही.

गळती आणि गावाला जाताना

घरातला नळ ठिबकत असेल तर रात्री खाली मोजायचं भांडं ठेवा आणि सकाळी बघा. आकडा दिसला की वायसर बदलायला कुणीही टाळत नाही. हौदाची गळती अशी शोधा: रात्री मोटार बंद, सगळे नळ बंद, पातळीवर खडूची खूण. सकाळी खूण उघडी पडली असेल तर हौदाला भेग आहे. रस्त्यावरची लाइन फुटली असेल तर आपल्या भागाच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या, फोटो आणि जवळची खूण लिहा, आणि पोच घ्या. चावीवाल्याला तोंडी सांगून ठेवलं तर काम बऱ्याचदा आधी होतं, पण पोच असू द्या.

चार दिवस गावाला जाणार असाल तर गच्चीच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, कूलर कोरडा करा, पिंपं पालथी घालून घासून ठेवा. हौदाच्या नळाची चावी शेजाऱ्याकडे द्या. तुमच्या गैरहजेरीत पाण्याचा दिवस आला तर तो तुमचा हौद भरून ठेवील, आणि त्याच्याकडे कमी पडलं तर त्यातून दोन हांडे घेईल. ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्याला विचारायचा संकोच नको.